क्रमांक २१७

धायरी,
१२ जून १९८५

आदरणीय सोहोनी सर,

सलाम.

रविवारी मी तुमच्या दारात आले होते. तुम्ही दाराची साखळी न काढता म्हणालात, "जे असेल ते लेखी द्या." दोन बस बदलून आले होते, त्यामुळे निदान पाणी तरी विचाराल असं उगाच वाटलं होतं. आणि सहा वर्षं मला 'तू' म्हणणारे सर 'द्या' म्हणाले, त्याचंही वाईट वाटलं. असो. लेखी मागितलंत, लेखी देते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र अर्जाला जोडावं लागलं तर लागलं, म्हणून पहिल्यापासून लिहिते. २२ एप्रिल १९८४ रोजी पुण्यात राज्य स्पर्धा झाल्या. चार बाय शंभरच्या रिलेत आपला संघ पहिला आला: मी, मंदाकिनी, कुसुम आणि तुमची पद्मजा. तुम्ही संघाचे व्यवस्थापक होता. आम्ही चौघी पदकं घेऊन चौथऱ्यावर असतानाच समारोपाचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि आमच्यातली एक जण खाली बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो मागून काढलेला होता. चेहरा दिसत नव्हता, पाठीवरचा क्रमांक दिसत होता, २१७. तो माझा क्रमांक. संघटनेनं माझ्यावर तीन वर्षांची बंदी घातली आणि माझी प्रमाणपत्रं रद्द केली. त्या अहवालावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे.

सर, मी बसले नव्हते. हे मी चौकशीत सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

आता टपाल खात्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या आहेत. जानेवारीत मला पंचवीस पूर्ण होतील, मग वयात बसणार नाही. संघटनेनं माझा फेरविचाराचा अर्ज १० ऑगस्टच्या सभेत घ्यायचं कबूल केलं आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. राष्ट्रगीत सुरू झालं की तुम्ही डोळे मिटता, हे तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. तुम्ही एवढंच लिहून द्या की त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते, कोण बसलं ते मी पाहिलं नाही. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

तुमची विद्यार्थिनी,
नसीमबानू रज्जाक मोमीन

*

कर्वेनगर,
१९ जून १९८५

कु. नसीमबानू मोमीन यांस,

आपले पत्र मिळाले. अक्षर अजून चांगले आहे. मजकुराबद्दल तसे म्हणता येत नाही.

मी राष्ट्रगीताच्या वेळी डोळे मिटतो की उघडे ठेवतो ही माझी खासगी बाब आहे. संघाचा व्यवस्थापक हा पदसिद्ध साक्षीदार असतो. क्रमांक २१७ बसला होता असे अहवालात आहे, फोटोतही आहे, आणि तो क्रमांक आपला होता हे आपणही नाकारत नाही. मग मी काय मागे घ्यायचे?

आपण मला सहा वर्षे ओळखता म्हणून आणखी थोडे लिहितो. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. तक्रारी सर्वांनाच असतात. त्यासाठी अर्ज असतो, भेट असते, फार तर उपोषण असते. त्या बावन्न सेकंदांत मात्र माणसाने उभे राहावे. एवढे ज्याला जमत नाही त्याने देशासाठी पळण्याच्या गोष्टी करू नयेत. मी हे तुम्हा मुलींना शिकवले असे समजत होतो. निवृत्त होताना शिक्षकाला असे पुष्कळ गैरसमज सापडतात.

आपण बसला नव्हता तर कोण बसले होते ते सांगावे. संघ चौघींचाच होता. नाव सांगता येत नसेल तर अर्जात वेळ घालवू नये.

कृपया पुन्हा घरी येऊ नये. सोसायटीतले लोक चौकशा करतात. दर रविवारी पद्मजा बिबवेवाडीहून येते. तिला त्या प्रसंगाची आठवण नको आहे. लग्न होऊन सहा महिने झाले, शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी नुकतीच कायम झाली आहे. तिचे मार्गी लागले आहे.

य. गो. सोहोनी

*

धायरी,
२८ जून १९८५

आदरणीय सर,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाव मात्र सांगणार नाही.

त्या दिवशी प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून संचलनासाठी आम्हाला साडेदहाला मैदानावर उभं केलं. पाहुणे साडेबाराला आले. एप्रिलचं ऊन, डोक्यावर काही नाही, पाणी आणायलाही रांग सोडायची नाही. पंधराशे मीटरची आपली मुक्ता माझ्या पुढेच उभी होती. ती आधी डुलायला लागली, मग पडली. तुम्ही तेव्हा कार्यालयात होता. आम्ही चौघींनी तिला उचलून तंबूत नेलं. डॉक्टर नव्हता. गाडी पाहुण्यांच्या ताफ्यात अडकली होती. एकीनं स्वतःचं जाकीट घडी करून तिच्या डोक्याखाली ठेवलं. मुक्ता ओकत होती आणि बाहेर लाउडस्पीकरवर पाहुणे म्हणत होते, मुली ही देशाची शक्ती आहे.

मुक्ता वाचली, पण गावी गेली ती गेलीच. पळत नाही. तुम्हाला हे माहीत होतं का, मला ठाऊक नाही.

तिथेच तंबूत आमचं ठरलं. आम्हाला दोन तास उभं केलं, आता आम्ही बसणार. चौघी. माझ्यासुद्धा तोंडून 'हो' गेलं होतं. नंतर आम्ही चौथऱ्यावर चढायला लागलो. मला एकदम कळलं की बाकीच्या तिघी बसल्या तर त्या रागावलेल्या मुली, आणि मी बसले तर मी कोण, हे लोकांनी आधीच ठरवलेलं आहे. म्हणून मी उभी राहिले. मंदाकिनी आणि कुसुमही उभ्या राहिल्या. एकटीच बसली. तिचं जाकीट मुक्ताच्या डोक्याखाली राहिलं होतं, संध्याकाळचं वारं सुटलं होतं, म्हणून मी माझं तिला दिलं होतं. पाठीवर चार टाचण्यांनी लावलेल्या क्रमांकाच्या फडक्यासकट.

म्हणजे बसायची हिंमत झाली नाही ती मी, आणि बसल्याची शिक्षा झाली तीही मला. याचं मला कधीकधी हसू येतं.

फोटो मंदाकिनीचा किंवा कुसुमचा म्हणून छापला असता तर त्यांच्या भिंतीवर कुणी 'पाकिस्तानात जा' लिहिलं असतं का? आमच्या लिहिलं. अब्बा तीस वर्षं शाळांची पुस्तकं बांधतायत, त्यातल्या दोन शाळांनी कामासाठी निरोप पाठवणं बंद केलं. मोहल्ल्यातलेही म्हणाले, पोरीमुळे सगळ्यांना त्रास. मग अब्बांनी मला इथे त्यांच्या बहिणीकडे, सुगराबी फुफीकडे पाठवलं. मी पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळते. फुफी म्हणते, "आता कुणासाठी पळती गं? कोण हाय बघाया?" तिच्या यजमानांचं, मैनुद्दीनमियांचं सायकलचं दुकान आहे, तिथे दिवसभर हिशेबाच्या वह्या लिहिते. दिवसात माझ्याशी चार माणसं बोलत असतील. त्यातलं एक गिऱ्हाईक बहिरं आहे.

तुमची,
नसीमबानू

*

कर्वेनगर,
१५ जुलै १९८५

चि. नसीमबानू हिस,

अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. कामात होतो असे लिहिणार होतो, पण निवृत्त माणसाच्या कामावर कोण विश्वास ठेवणार? सकाळी साडेपाचला उठतो, बूट घालतो, मग आठवते की जायचे कोठेच नाही. तरी बूट घालून तासभर बसतो. पद्मजाची आई असती तर चहा देता देता दोन शब्द सुनावले असते. आता तेही नाही.

मुक्ताचे मला माहीत होते. तुला वाटते तसे संपूर्ण नाही, पण पुरेसे. संचलनाची वेळ मीच लिहून दिली होती. पाहुणे उशिरा येतात हे वीस वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक होते. मुलींना सावलीत थांबवा एवढे सांगायला मी कार्यालयातून उठलो नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या कमी पडत होत्या, त्या मोजत होतो.

तू डोळ्यांचा विषय काढलास म्हणून सांगतो. हे घरातही कोणाला सांगितलेले नाही. माझे थोरले बंधू अनंत बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले. तुरुंगातून छातीचे दुखणे घेऊन आले आणि सत्तेचाळीसच्या मे महिन्यात गेले. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला तेव्हा सगळे वर पाहत होते. मी डोळे मिटले, कारण मिटल्यावर अनंतदादा शेजारी उभा असल्यासारखा वाटला. तेव्हापासून मिटतो. लोक त्याला शिस्त समजतात. मी त्यांना तसे समजू दिले.

सोबत तुला हवे तसे लिहून, सही करून पाठवत आहे. 'राष्ट्रगीताच्या वेळी माझे डोळे मिटलेले असल्याने बसलेल्या खेळाडूस मी पाहिले नाही.' एवढ्याने तुझे काम व्हावे. होईल असे वाटते.

पाऊस आहे. कॅनॉलच्या कडेला माती निसरडी असते, जपून पळावे.

तुझा,
य. गो. सोहोनी

*

धायरी,
१३ ऑगस्ट १९८५

आदरणीय सर,

सभा झाली. अर्ज फेटाळला.

मला बाहेर तीन तास बसवलं आणि आत सात मिनिटं. तुमचं पत्र वाचून एक सभासद म्हणाले, "सोहोन्यांनी पाहिलं नाही, मान्य. पण कॅमेऱ्याने तर डोळे मिटले नव्हते?" सगळे हसले. मग अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही नाही तर कोण? मी गप्प राहिले. मंदाकिनी आणि कुसुम यांनी मागेच लिहून दिलं आहे की आम्ही झेंड्याकडे बघत होतो. शेवटी एक गृहस्थ मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, तुम्ही चूक कबूल करून माफी मागा, आम्ही शिक्षा कमी करू. तुमच्या समाजातल्या मुली पुढे याव्यात असं आम्हालाही वाटतं." ते चांगल्या मनानं म्हणाले, सर. म्हणून जास्त लागलं.

माफी मागितली असती तर डिसेंबरच्या मुलाखतीला बसता आलं असतं. अब्बा बाहेर उभे होते. मी त्यांना विचारलं, मागू का? ते म्हणाले, "न बसल्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. तुला येत असेल तर माग." मला येत नव्हतं.

आम्ही स्वारगेटपर्यंत चालत आलो. ते त्यांच्या बसला गेले, मी माझ्या. घरी येऊन फुफीला सांगितलं, ती म्हणाली, "झालं नव्हं आता? जेव." खूप दिवसांनी मी रडले.

तुम्ही लिहून दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. यापुढे तुम्हाला तसदी देणार नाही.

नसीमबानू

*

कर्वेनगर,
२ सप्टेंबर १९८५

चि. नसीमबानू,

हे पत्र मी पाच वेळा लिहिले आणि फाडले. आता जसे येईल तसे जाऊ दे.

मी डोळे उघडले होते.

राष्ट्रगीताच्या मध्यावर मागे कुजबुज झाली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी डोळे उघडले आणि समोर पद्मजा बसलेली दिसली. चौथऱ्याच्या कडेला, गुडघ्यांभोवती हात घेऊन, तुझे जाकीट अंगात. क्षणभर पाहिले आणि पुन्हा मिटले. संध्याकाळी सचिव अहवाल घेऊन आले. त्यात कोणाचे नाव नव्हते, 'क्रमांक २१७' होते. मी सही केली. क्रमांक २१७ बसला होताच, तेव्हा मी खोटे लिहिले नाही, असे मी स्वतःला सोळा महिने सांगत आलो. आठवड्यावर तिचा साखरपुडा होता. शाळेची नोकरी त्या पदकावर मिळायची होती. आणि खरे सांगायचे तर तुझे नाव लागले की कोणी पुढे चौकशी करणार नाही हेही मला माहीत होते. हेही लिहिले पाहिजे. मी त्याचा फायदा घेतला.

नंतर तुला 'मग कोण ते सांगा' असे विचारले. तू सांगणार नाहीस याची खात्री होती म्हणूनच विचारले. तुझ्या उत्तरात मंदाकिनी होती, कुसुम होती, पद्मजाचे नाव तू गाळले होतेस. तेव्हाच मला कळले की तू मला वाचवू पाहत आहेस. तरी मी डोळे मिटल्याचे खोटे पत्र तुला दिले आणि तेवढ्यावर भागेल अशी आशा केली.

अठरा तारखेच्या रविवारी पद्मजा आली तेव्हा तुझे पत्र तिच्या हातात दिले. तिने ते वाचून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, मी त्या रात्री तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, झोप, उद्या पाहुणे यायचे आहेत." मला आठवते. मी तिला बोलू दिले नव्हते. तिला वाटले, तिने सांगितले तर माझी मान खाली जाईल. दोघे एकमेकांना जपत बसलो आणि तुझा बळी दिला.

मी तिला म्हणालो, मी संघटनेला लिहिणार आहे. ती म्हणाली, लिहा. जावई रागावले. नोकरी कायम झाल्यावर हे कशाला उकरता, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे अगदीच चूक आहे असेही नाही.

शनिवारी रजिस्टर पोस्टाने पत्र गेले. पद्मजाचे नाव आणि माझी खोटी साक्ष, दोन्ही लिहिले आहे.

पद्मजाने दोन रविवार फेरी टाकली नाही.

मला क्षमा करता येईल का, हे विचारण्याचा अधिकार नाही. तरी विचारतो.

य. गो. सोहोनी

*

कर्वेनगर,
२० ऑक्टोबर १९८५

चि. नसीमबानू,

तुझे उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की जिना उतरतो, हे कबूल करतो.

संघटनेने मला बोलावले होते. मी सर्व सांगितले. एका सभासदाने विचारले, "राष्ट्रगीताचा अपमान करणारी आपली मुलगी असूनही आपल्याला अभिमान वाटतो का?" मी म्हणालो, ती मुक्तासाठी बसली आणि मी खुर्च्यांसाठी उभा होतो. अपमान कोणी केला ते सभेने ठरवावे. चहा न देता मला निरोप मिळाला.

येथे गणपतीत सोसायटीने मला कोणत्याच समितीत घेतले नाही. एरवी मी तक्रार केली असती की फार कामाला लावतात.

इतकेच.

य. गो. सोहोनी

*

धायरी,
२४ नोव्हेंबर १९८५

आदरणीय सर,

बंदी उठली. परवा दोन ओळींचं पत्र आलं. चूक झाली असं त्यात कुठे नाही, 'पुनर्विचारांती' असं आहे. प्रमाणपत्रं परत मिळतील. १६ डिसेंबरला टपाल खात्याची चाचणी आणि मुलाखत आहे. अब्बांनी ते पत्र पुठ्ठ्यावर चिकटवून बांधून ठेवलं आहे, फाटू नये म्हणून.

मी तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती आणि सांगावी की नाही ते कळत नव्हतं.

तुम्ही डोळे उघडलेत ते मी पाहिलं होतं. मी उभी होते, सर. तुमच्या बरोबर समोर. तुम्ही आधी पद्मजाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी जाकिटाशिवाय उभी आहे हे तुम्ही पाहिलंत. मग डोळे मिटलेत.

जूनमध्ये तुमच्या दारात आले ती हे विचारायला आले होते. साखळी पाहिली आणि विचारणं झालं नाही. घरी येऊन पत्रात लिहिलं की तुमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, तेवढं खोटं मी तुमच्या हातात दिलं तर तुम्हाला सोपं जाईल, आणि माझं काम होईल. तुम्ही तेच सही करून पाठवलंत. मी ते खोटं आहे हे माहीत असून सभेत दिलं. म्हणजे तेव्हा आपण दोघंही सारखेच झालो. मला तुमच्यापेक्षा स्वतःचा राग जास्त दिवस आला.

गेल्या आठवड्यात पद्मजा इथे येऊन गेली. शाळेनं काढायच्या आधी तिनंच नोकरी सोडली. ती फुफीच्या ओट्यावर बसली, मी पाणी दिलं. ती म्हणाली, "मी बसले त्याचं मला वाईट वाटत नाही. बसून गप्प राहिले त्याचं वाटतं." मी म्हणाले, मला उभी राहिल्याचं वाटतं. मग आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. जाताना तिनं विचारलं, बाबा कसे आहेत? मी सांगितलं, मला काय विचारतेस, बस आहे, जा. ती गेली असेल असं वाटत नाही. रागापेक्षा तिला लाज वाटते. तुम्हीच बिबवेवाडीला जा, सर. तिनं दाराला साखळी लावली तर बाहेर उभे राहा.

तुम्ही विचारलंत, क्षमा करता येईल का. मी रोज पळताना स्वतःला विचारून पाहते. अजून येत नाही. मुक्ताला उन्हात उभं केलंत, त्याची क्षमा होईल; पद्मजाला लपवलंत, त्याची झालीच आहे. तुम्ही मात्र मला माझ्या नावावरून सोडून दिलंत, आणि ते तुम्ही कबूल केलंत म्हणून संपत नाही. उलट वाचल्यापासून जास्त दुखतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं काही लिहू शकत नाही.

पण चाचणीला तीन आठवडे राहिले आहेत आणि माझी वेळ घ्यायला इथे कुणी नाही. मैनुद्दीनमिया घड्याळ धरतात, मी पळायला लागले की माझ्याकडेच बघत राहतात आणि काटा थांबवायला विसरतात. दीड वर्ष मी किती सेकंदांत पळते ते मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी सहाला कॅनॉलच्या पुलाशी या. पहिल्या बसनं याल तर पोचाल. वेळ घ्या, मला आकडा सांगा आणि परत जा. दुसरं काही बोलू नका. मलाही अजून बोलता येणार नाही.

नसीमबानू